मागचे दोन प्लग

लुईसटाउन, मॉन्टाना
१४ नोव्हेंबर

वेन्डेल यास,

‘प्रिय’ लिहायला हात वळला नाही. राग येत असेल तर येऊ दे. इथे सगळं ठीक. पहिला बर्फ पडून वितळला, कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलंय. तुमच्या घरीही सगळे सुखरूप असतील असं धरून चालते.

तुझं दोन ओळींचं कार्ड मिळालं. “बाबांचा ट्रक शेडमध्ये सडतोय, मला दे, आठवण म्हणून ठेवीन.” बाबा गेल्यावर पहिल्यांदा लिहिलंस, तेही मागायला! तरी म्हटलं, नेऊ दे. फेब्रुवारीपासून कोणी हात लावला नव्हता. उंदरांनी आत संसार थाटला होता. तीन लाख बारा हजार मैल पळालेलं इंजिन, चालू केलं तर धापा टाकायला लागलं. शेजारचे हॅल्वरकाका काठी टेकत आले, कान देऊन म्हणाले, “स्पार्क प्लग गेलेत.”

मी हसले. “काका, प्लग वेन्डेलने बदललेत. आठही.”

ते मान फिरवून कोंबड्यांकडे बघायला लागले. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

चार वर्षांपूर्वीचा थँक्सगिव्हिंगचा सण आठवतोय ना? या इंजिनाचे प्लग काढताना अर्धे आतच मोडून राहतात, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. आणि तू टर्की भाजून होईतो हात पुसत आत आलास. “झाले आठही.” बाबा पुढे महिनाभर गावातल्या हॉटेलात कॉफीच्या टेबलावर ऐकवत होते, “आठच्या आठ! एक मोडला नाही! बिलिंग्जच्या गॅरेजवाल्यांनी उगाच ठेवलाय का माझ्या पोराला?” लोक कंटाळून उठून जायचे, तरी यांचं चालूच.

परवा काकांना स्टुलावर बसवलं आणि मी पाना घेतला. पुढचे सहा सहज निघाले. तुझेच होते, स्वच्छ होते. मागचे दोन, डावीकडचा एक आणि उजवीकडचा एक, काचेखालच्या पत्र्याला चिकटून आहेत. तिथे हात शिरत नाही आणि डोळ्यांनाही दिसत नाही. डावीकडचा हलेचना. काकांनी बॅटरी मारून बघितलं.

“हा जुनाच आहे गं, पोरी. ट्रकबरोबर कारखान्यातून आलाय.”

सहा बदललेस आणि आठ सांगितलेस. निर्लज्जा! मोडण्याची भीती वाटली तर तसं सांगायचं होतंस. बाबांनी काय तुला फाडून खाल्लं असतं? त्या दोन जुन्या प्लगांवर ते तीन वर्षं फिरले. आणि फेब्रुवारीत छातीत कळ आल्यावर त्याच ट्रकने इस्पितळाकडे निघाले. चढावर इंजिनाने दम सोडला. बर्फ काढणाऱ्या गाडीवाल्याला ते सापडले तेव्हा स्टिअरिंगवर डोकं टेकलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, लवकर पोचले असते तर कदाचित.

हे सगळं मी काकांसमोर ओरडून बोलले. काकांनी शांतपणे ट्रकमधला सामानाचा खण उघडायला लावला. हातमोज्यांखाली बाबांच्या रुमालात एक गुंडाळी. आत दोन नवे प्लग, पाकीटही फोडलेलं नाही.

“तुझ्या भावाने सीटखाली सरकवले होते. ऑर्व्हिलला, तुझ्या बाबांना, त्याच आठवड्यात मिळाले. मी म्हटलं, दे, मी बसवतो. तर म्हणतो कसा, नको, पोरगा येईल तेव्हा आपणहून करेल.”

ऐकलंस? त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असूनही टेबलावर आठ-आठ करत होते. आणि तू त्या तीन वर्षांत आला नाहीस. आलास तो थेट अंत्यविधीला, आणि जेवणाआधी पसार.

माझ्या रागाचं एवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. त्या दिवशी सकाळी बाबांनी मला फोन केला होता. “जरा कसंतरी होतंय, डोरीन. नेतेस का?” त्याच्या आदल्या रविवारी त्यांनी पुन्हा तुझं कौतुक लावलं होतं, आणि मी अकरा वर्षं त्यांचं जेवणखाण, औषधपाणी बघतेय, त्याचा उल्लेखही नाही. मी म्हटलं, “वेन्डेलने एवढा छान केलाय ना ट्रक? मग घ्या तो आणि जा.” ते “बरं” म्हणाले. एवढंच.

म्हणून तुला शिव्या देताना माझी जीभ मध्येच अडखळते. पण तुला माफ केलंय असं समजू नकोस. अजिबात केलेलं नाही.

डावीकडचा प्लग मी काढला. इंजिन कोमट करायचं, थोडा सैल करून कार्बन विरघळवणारं औषध ओतायचं, दिवसभर थांबायचं, मग इंचाइंचाने पुढे-मागे. दोन दिवस गेले, पण अख्खा निघाला. त्याच्या जागी बाबांच्या रुमालातला एक बसवला.

उजवीकडच्याला मी हात लावलेला नाही. दुसरा नवा प्लग रुमालातच आहे. पाना सीटवर ठेवलाय. ट्रक हवा असेल तर या महिनाअखेरच्या थँक्सगिव्हिंगला ये आणि माझ्यासमोर तो काढ. मोडला तर मोडू दे, पण मोडला असं तोंडाने सांग. मग फोनचं मीही तुला तोंडावर सांगेन.

नाही आलास तर वसंतात ट्रक भंगारात जाईल, रुमालासकट.

जेवण दोन वाजता. तुझं ताट मांडेन, वाट बघणार नाही.

तुझी बहीण, इलाज नाही म्हणून,
डोरीन