ओर्वानचा तराजू

मच्छीमार नगर, कफ परेड
शनिवार, १९ जुलै २०२५, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे

प्रिय शेफालीताईस,

होडी घासता घासता उठून आलो आहे. हात रॉकेलने पुसले, साबणाने दोनदा धुतले, तरी कागदाला वास लागेल. घरी सगळे बरे आहेत. आईचे गुडघे दुखतात, पण सुके बोंबील विकायला ती चालतच जाते. शंतनुदाजींना नमस्कार. ओवीला आता दात आले असतील. फोनवर तू "बोल ना रे, गप्प काय" म्हणतेस आणि मी ठेवून देतो, म्हणून लिहितो आहे. दहावी नापास असलो तरी प्रत्येक शब्द तपासतो, त्यामुळे वेळ लागतो.

तुला ओर्वान आठवतो का? तू पहिल्या पगारातून जुना कंप्यूटर आणला होतास, त्यावरच्या गेममधला किमयेचा आणि जादूचा देव. इंग्रजी तू वाचायचीस आणि मला मराठीत सांगायचीस. तो शिंपल्यांची चांदी करायचा, धुक्याचं तांबं करायचा. लोकांनी त्याच्याकडे इतकं मागितलं, की शेवटी त्याने स्वतःलाच कशात तरी बदलून टाकलं. कशात, ते कुणाला ठाऊक नाही. त्याला रूप बदलता यायचं, मूळचं वजन मात्र नाही. म्हणून त्याच्या पडक्या देवळातल्या तराजूवर एकेक वस्तू ठेवून त्याला शोधायचं.

आणि आपण काय केलं? महिनाभर खपून मिळवलेला सोन्याचा गोळा त्याच्या चौथऱ्यावर ठेवायचा सोडून समुद्रात टाकला. तू म्हणालीस, "सोन्याचा नारळ दर्यालाच द्यायचा असतो, एवढं त्या देवाला कळत नाही होय?" आपण नारळी पौर्णिमेसारखे स्क्रीनपुढे हात जोडून बसलो. काहीच झालं नाही. गोळा गेला तो गेला. तू इतकी हसलीस, की बाबा ताटावरून उठून बघायला आले आणि म्हणाले, "यडी झालीत पोरं."

कंप्यूटर अजून चालतो. मी अजून खेळतो. दगड, वाट्या, मेलेला खेकडा, सगळं तराजूवर ठेवून झालं. ओर्वान सापडला नाही. इंग्रजी सांगायला तू नाहीस, काही सुटलंही असेल.

परळला तुमच्या बिल्डिंगपाशी मी मागच्या महिन्यात आलो होतो. आईने तुझ्यासाठी सुक्या कोळंबीचे सोडे दिले होते. वॉचमनने विचारलं, "कौन लगते हो उनके?" मी म्हणालो, रंगवाला आहे, चुकून दुसऱ्या बिल्डिंगमध्ये आलो. पिशवी परत आणली. आईने ती उघडून बघितली आणि सोडे पुन्हा डब्यात भरले.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. मासेमारीची बंदी उठत आली. इथल्या सगळ्या होड्यांवर नावं मीच रंगवतो, आपल्याच होडीवर नाव नाही. तू लग्न करून गेलीस त्या वर्षी बाबांनी होडीवरचं तुझं नाव निळ्या रंगाखाली घातलं. तेव्हापासून दर पावसाळ्यात होडी तेच घासतात, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. यंदा त्यांचा खांदा धरला, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी बाकीची होडी पत्तीने लाकडापर्यंत घासली आणि पुढे, नावाच्या जागेवर हात ठेवला, तर बोटांना उंचवटा लागला. शे. फा. ली. सगळी होडी दरवर्षी खरवडणाऱ्या माणसाने तेवढी वीतभर जागा कधी खरवडलीच नव्हती. नुसता वरून निळा रंग देत राहिले, थरावर थर.

मागून बाबा म्हणाले, "तिथं पत्ती लावू नको."

"बरं."

ते हलले नाहीत. मग म्हणाले, "पिवळा रंग किती लागंल?"

"कशाला?"

"नावाला."

"किती अक्षरी, त्यावर आहे."

"तीन."

शेजारच्या होडीवरून जगनकाका म्हणाले, "काय रे रूपेश, बापाची परीक्षा घेतोस काय?" बाबा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. खिशातून पैसे काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवले.

तुला बोलाव असं ते म्हणालेले नाहीत. म्हणणारही नाहीत. हे मी माझ्या मनाने लिहितो आहे. नारळी पौर्णिमेला होडीची पूजा आहे. नारळाला सोनेरी कागद तूच लावायचीस. मी लावतो तर कडा सुटतात. ओवीला घेऊन ये. पहिली दोन अक्षरं मी रंगवून ठेवतो, तिसरं तू समोर उभी असताना भरेन. नाही आलीस, तर होडी दोन अक्षरांवरच दर्यात जाईल. लोक मला हसतील. तरी मी ते पूर्ण करणार नाही.

अजून तराजूपाशीच बसलेला,
तुझा रूपेश

खर्च: पिवळ्या रंगाचा लहान डबा, १९० रुपये. ब्रश, ४० रुपये. दोन्ही बाबांच्या पैशातून.
देणं: ओर्वानचा सोन्याचा गोळा, एक. दोघांनी मिळून टाकला होता, म्हणून निम्मा तुझ्याकडे निघतो.