योगिनीबाईंचं ताट

केनवड, ता. रिसोड
९ डिसेंबर

योगिनीबाई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक, तुमचं तुम्हाला माहीत. मोठी भावजय असून तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणते, ते रीत आहे म्हणून. मनात काय म्हणते ते लिहीत नाही. माझा नंबर बंद करून ठेवलात, म्हणून हा कागद.

तुरीला शेंगा धरल्यात. तुमचे भाऊ हरभऱ्याला पाणी द्यायला दिवसभर शेतात असतात.

आता भाऊबीजेचं. दूध, दही, तूप, मधसुद्धा सोडल्याचं तुम्ही कळवलंत, तेव्हा मी नाक मुरडलं, खोटं कशाला बोलू? गाईनं तुमचं काय घोडं मारलं, असंही म्हटलं. तरी सकाळी उठून वाफ्यातली कोवळी मेथी खुडली, पालक खुडला, धुऊन फडक्यावर कोरडा केला. मंगरूळपीरहून आणलेली संत्री सोलली, पाकळ्यांवरचं सालपटसुद्धा काढलं. पेरूच्या फोडी, डाळिंबाचे दाणे. दही नको, मध नको, म्हणून लिंबू पिळलं आणि शेंगदाण्याचा कूट घातला. आधी मीठ लावलं की मेथी मान टाकते, म्हणून तुम्ही पाटावर बसल्यावरच मीठ भुरभुरलं. एवढे लाड मी माझ्या लेकरांचे केले नाहीत.

आणि तुमच्या आईनं त्यावर अन्नशुद्धीचा तुपाचा थेंब सोडला. त्याशिवाय या घरात कोणी घास उचलत नाही, तुम्हीही लहानपणी उचलला नसेल.

तुम्ही ताट ढकललंत. “आई, मुद्दाम करून राह्यली तू! कितीदा सांगतलं तुले!” पाहुण्यांसमोर. भावाला न ओवाळता गाडीत जाऊन बसलात. एवढा माज कुठून आणलात हो?

मुद्दाम नव्हतं ते. तुमच्या भावानं हे सांगायची मनाई केली आहे. तुम्हाला कळलं तर तुम्ही आईंना पुण्याला न्याल आणि गाव म्हणेल, पोराला आई जड झाली. म्हणून दिवाळीभर आम्ही झाकून नेलं. आई विसरतात. सकाळी जेवलेलं दुपारी आठवत नाही. तुपाचं त्यांना मी पुन्हा पुन्हा बजावलं होतं. हात सवयीनं गेला.

तुम्ही उपाशी उठलात, तेवढं मात्र विसरत नाहीत. तेव्हापासून रोज मला तसलंच हिरवं ताट करायला लावतात. “योगिनी येऊन राह्यली, पाला धुतला का वं?” तुपाची वाटी मलाच लपवायला सांगतात. मी भांडी आदळते, तुम्हाला शिव्या देते आणि मेथी निवडायला बसते.

काल ताट पुढे ठेवलं, तर माझ्याकडे बघत राहिल्या.

“तू योगिनीच हायेस न वं?”

नाही म्हणणार होते. हो म्हटलं.

त्यांनी संत्र्याची फोड मेथीत गुंडाळून माझ्या तोंडात दिली. “तूप नाई टाकलं, माय. खाय आता.”

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी भरवलं नव्हतं. भरवलं, तर तेही तुम्हाला. त्याचा मला किती राग आला, ते तुम्हाला कळायचं नाही.

अजून अधूनमधून त्यांना माणसं ओळखू येतात. तोवर या. माझ्याशी बोलू नका, माझी हरकत नाही.

तुमच्या नावानं जेवणारी,
भागिरथा