फिटल्याचा कागद

बाबा,

बँकेने मला घरासाठी कर्ज नाकारलं, ती गोष्ट तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नाही. तोवर तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली होती. आता त्यालाही बराच काळ लोटला. दुपार आहे. आई पुढच्या खोलीत तांदूळ निवडते आहे आणि खडा सापडला की दुकानदाराला एक शिवी देते आहे. मी आत बसून लिहिते आहे. तिने विचारलं तर कारखान्याचं काम आहे असं सांगेन.

सुरुवात पंच्याण्णव सालापासून करायला हवी. महाडला एमआयडीसीच्या रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचा फ्लॅट तुम्ही बघून आला होतात. तुम्ही बॉयलरवर होतात, मी नुकतीच दुसऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले होते. हाउसिंग फायनान्सवाल्यांना तुमचा एकट्याचा पगार पुरेसा वाटला नाही. घरातल्या दुसऱ्या कमावत्या माणसाची सही पाहिजे, असं ते म्हणाले. तुम्ही घरी येऊन हे असं सांगितलं नाहीत. आई भाकऱ्या थापत होती. तुम्ही दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिलात आणि म्हणालात, "घरावर पोरीचं पण नाव लावतोय." आईचा हात थांबला. "पोरीचं? म्हंजे उद्या जावई येऊन बसायचा घरात." तुम्ही म्हणालात, "बसू दे गो. चा देऊ त्याला." तो जावई कधी आला नाही, पण त्या दिवशी आपण तिघंही खूप हसलो. तुमच्या वाडीत मुलीच्या नावावर कुणी कधी काही लावलं नव्हतं. फायनान्स कंपनीला माझी सही कर्जाच्या जबाबदारीसाठी हवी होती. तुम्ही ती मला दिलेली भेट मानलीत. मीही तशीच मानली. सही करताना मी आडनाव नेहमीपेक्षा जरा मोठं काढलं.

चार वर्षं आपण त्या घरात नीट राहिलो. मग तुमच्या कारखान्यात आधी एक पाळी बंद झाली, मग दुसरी, मग गेटला कुलूप लागलं. थकलेला पगार मिळेल या आशेवर तुम्ही रोज सकाळी आंघोळ करून त्या गेटपर्यंत जाऊन येत होतात. माझ्या पगारात घर चालत होतं, हप्ता चालत नव्हता. वसुलीचा माणूस यायचा. तो उद्धट नव्हता. पाणी मागून प्यायचा, भिंतीकडे बघायचा आणि "काका, काहीतरी बघा" म्हणून जायचा. तो गेला की तुम्ही गॅलरीत जाऊन बसत होतात. तिथे तुळशीची कुंडी होती.

मग एका संध्याकाळी तुम्ही आम्हाला तुमच्या वाडीतली रीत सांगितलीत. पोलादपूरच्या वरच्या डोंगरातली वाडी, तिथे आजोबांनी भावकीतल्या एकाकडून पैसे घेतले होते आणि ते परत करणं जमेना. तेव्हा आजोबांनी गावकी बसवली, आपल्या भाताच्या खाचरातलं एक ढेकूळ आणलं आणि सगळ्यांसमोर त्या माणसाच्या हातात दिलं. खाचर त्याचं झालं आणि देणं संपलं. खाचर कमी किमतीचं की जास्त, हे कुणी मोजलं नाही. त्यानंतर ज्याने तो विषय काढला असता, त्याला गावकीने नारळाचा दंड केला असता. "हातात माती दिली का फिटलं," असं तुम्ही म्हणालात. मला आठवतं, तुमच्या आवाजात खूप दिवसांनी जोर आला होता. आई म्हणाली, "मातीनं कर्ज फिटत असंल तर मी कुंड्याच विकायला बसते." तुम्ही तिच्याकडे बघितलंत आणि एवढंच म्हणालात, "चेष्टा नको करू." तुम्ही तिला रागावल्याचं मला तेवढंच आठवतं.

घर सोडायच्या दिवशी आईने सगळ्या फरश्या घासल्या. न्हाणीघरातली बादली भरून ठेवली, येणाऱ्याला पाय धुवायला पाणी असावं म्हणून. तुम्ही कुलूप लावलंत आणि आपण दोघं कंपनीच्या शाखेत गेलो. टेबलामागचा अधिकारी माझ्याच वयाचा होता. तुम्ही त्याच्यासमोर किल्ली ठेवलीत, मग खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून सोडलीत आणि तुळशीच्या कुंडीतली मूठभर माती त्याच्यापुढे धरलीत. "काका, हे काय?" तो म्हणाला. "घर," तुम्ही म्हणालात. तो गोंधळला, पण त्याने हात पुढे केले. दोन्ही हात. हे मी त्याचं कधी विसरणार नाही. "आता बोलणं संपलं," तुम्ही म्हणालात. तो म्हणाला, "बरं, काका." ताबा दिल्याच्या कागदावर आपण सह्या केल्या. बाहेर आल्यावर तुम्ही उसाचा रस पाजलात आणि मला म्हणालात, "तू पण सुटलीस."

त्या मुलाच्या "बरं"वर तुम्ही उरलेलं आयुष्य काढलंत. पोलादपुरात एसटी स्टँडच्या मागे वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने घेतलीत, पेट्रोल पंपावर कामाला लागलात. महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या तिथे घाटाआधी टाकी भरून घेत. तुम्ही काचा पुसून द्यायचात. पोस्टमन कंपनीकडची रजिस्टरची पाकिटं घेऊन यायचा, एक तुमच्या नावाचं, एक माझ्या नावाचं. दोन्ही तुम्हीच परत पाठवायचात. तो म्हणायचा, "अहो, घ्या तरी. बघा काय म्हणतात ते." तुम्ही म्हणायचात, "संपलेला विषय त्यांनी काढला. गावकीत असते तर नारळ पडला असता त्यांना." पोस्टमन हसायचा, मीही हसायचे. तुम्ही गंमत करत नव्हतात. पाकीट हातात घेतलं असतं तर अजून देणं आहे असं कबूल केल्यासारखं झालं असतं.

तुम्ही गेल्यावर आई बदलली. कुंड्या विकायची भाषा करणारी ती, आता बायकांना सांगू लागली, "आम्ही घर दिलं, पण कुणाचं ठेवलं नाय." भाड्याच्या खोलीत दुसरं मिरवण्यासारखं काही नव्हतं. मी ते वाक्य इतक्यांदा ऐकलं की मलाही हिशेब पुरा झाल्यासारखं वाटू लागलं.

पुढे तिचे गुडघे गेले. जिना चढताना ती मध्ये बसायची आणि वर येणाऱ्याला सांगायची, "जा तू, मी वारा खातेय." मी तळमजल्यावरच्या दोन खोल्या बघितल्या आणि महाडच्या एका बँकेत अर्ज केला. साहेबांनी मला बोलावलं आणि कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. "मॅडम, तुमचं आधीचं एक गृहकर्ज दिसतंय."

"ते फिटलं. आम्ही घर दिलं त्यांना."

"घर विकून जे आलं ते त्यांनी वजा केलं. विक्री कमी भावात झाली असणार. उरलेलं तसंच आहे, त्यावर व्याज. इथे राइट ऑफ लिहिलंय."

"म्हणजे सोडून दिलं ना?"

"त्यांनी त्यांच्या वहीत ते बुडीत धरलं. तुमच्या नावावर ते आहेच." ते हळू बोलत होते, पेशंटशी डॉक्टर बोलतो तसे. "पूर्वी एका कंपनीचं दुसऱ्या बँकेला कळत नसे. आता सगळे आपली माहिती एका ठिकाणी पाठवतात. जुनीसुद्धा."

मी म्हटलं, कर्ज वडिलांचं होतं. ते म्हणाले, "सही दोघांची आहे. सही केली की अर्धं अर्धं नसतं, प्रत्येकाचं अख्खं असतं." पडद्यावर माझं नाव होतं. एकाखाली एक महिने होते आणि हप्ता किती दिवस थकला त्याचे आकडे, वाढत गेलेले. मला त्यांत तुम्ही गॅलरीत बसलेले दिसत होतात. त्या आकड्यांत बादलीभर पाणी नव्हतं, माती नव्हती, आपण स्वतःच्या पायांनी जाऊन किल्ली दिली हेही नव्हतं. तिथे घर जप्त झालेल्या कुणाचंही असंच दिसत असेल.

साहेब भले होते. त्यांनी मार्ग सांगितला. कंपनीशी तडजोड केली तर ते पुष्कळ सूट देतील, पण मग अहवालात 'तडजोडीने मिटवलं' असं येईल, आणि ते वाचून बँका पुन्हा नाही म्हणतात. पूर्ण भरलं तर 'बंद' असं येईल. थकलेले महिने तरीही काही वर्षं दिसत राहतील, पण मग साहेब स्वतः माझ्यासाठी वर शब्द टाकतील.

कंपनीची महाडची शाखा तोवर उठली होती. मी पनवेलला गेले. तिथल्या बाईंनी अर्जाचा मजकूर सांगितला: माझे वडील आणि मी थकबाकीदार असून बाकी रक्कम पूर्ण भरण्यास तयार आहोत. मी विचारलं, "फक्त माझंच नाव लिहिलं तर चालेल?" त्या म्हणाल्या, "कर्ज दोघांचं आहे ना, ताई. त्यांच्या नावापुढे मयत लिहा." मी पेन घेऊन बसून राहिले. पैशांचं जमलं होतं, काही फंडातून, काही बांगड्यांचे. जमत नव्हतं ते पहिलं वाक्य. तुम्ही पाकिटं परत करून जे शेवटपर्यंत मान्य केलं नाहीत, ते मला तुमच्या वतीने लिहून द्यायचं होतं. आणि न लिहावं तर आई जिन्यात बसलेली. बाईंनी घड्याळाकडे बघितलं. मी लिहिलं. थकबाकीदार हा शब्द तुमच्या नावाला लागला आणि त्याखाली मी सही केली.

तुम्ही चुकलात असं मला अजूनही सरळ म्हणता येत नाही. ज्या गावात ती रीत होती तिथे ती खरी होती. तुम्ही ती खाली महाडला घेऊन आलात, आणि समोरच्याने हात पुढे केल्यावर तुम्हाला वाटलं, इथेही चालते.

पुढचं सगळं झालं. अहवालात 'बंद' आलं, बँकेने कर्ज दिलं, या दोन खोल्या झाल्या. आई आता उंबऱ्यावर बसून रस्त्यावरच्या माणसांना हाका मारते. राहायला आलो त्या आठवड्यात तिने विचारलं, "बँकेनं येवढा येळ का लावला गो?"

मी म्हटलं, "एक जुना कागद यायचा होता."

"कसला?"

"महाडच्या घराचं फिटल्याचा."

ती एकदम सावरून बसली. "आला?"

"आला."

"बघू."

मी कंपनीचं पत्र तिच्या हातात दिलं. ते इंग्रजीत आहे. तिने शिक्क्यावरून बोट फिरवलं, म्हणाली, "तरी ते सांगत व्हते, फिटलं म्हणून. मीच मेली हसले त्यांना." मग तो कागद तिने देव्हाऱ्यात नेऊन ठेवला आणि कुंकवाचं बोट लावलं. तो अजून तिथेच आहे.

हे मी कुणाला दाखवणार नाही. पाठवायचं तर कुठे, आणि घरात ठेवलं तर कुणीतरी आईला वाचून दाखवेल, म्हणून लिहून झालं की फाडून टाकीन. पण एक राहिलं. कुंकू लावून झाल्यावर आईने विचारलं होतं, कागदावर तारीख कधीची आहे. मी तुमच्या हयातीतली सांगितली.