गाडीच्या पाटीवरची विभूती

येरमाळा

सौ. नीलम्मास माणिकप्पाचे आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. फोनवर तू मला बोलूच दिलं नसतंस, म्हणून लिहितो.

शिवप्रियाची मातीतली मोटारसायकल शर्यत बंद करायला तू मला लेकीकडं पाठवलंस. हा नाद आपल्या उमाशंकरनं लावला. मामानंच भाचीला स्वतःची गाडी दिली. दोघांना झापणार होतो, पण रविवारी माळावर शर्यत होती. म्हटलं, आधी बघावं.

निघताना जीव राहीना, म्हणून गाडीच्या पुढच्या पाटीवर विभूतीचे तीन जाड पट्टे ओढले. त्यात नंबरच झाकला. पहिला फेरा कुणाचा, पंचांना कळेना. उमाशंकर पळत गेला, "साहेब, ती आमचीच पोर. विभूती आमच्या अप्पांनी फासलीय." पंच हसले आणि त्यांनी फेरा धरला.

उंचवट्यावरून गाडी उडाली तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तर पोर लई पुढं गेलेली. मी एवढा ओरडलो की टोपी कुठं पडली कळलं नाही. नीलम्मा, आपली नात दुसरी आली. कोपर जरा खरचटलंय, पण जेवायला अडत नाही.

मला म्हणाली, "आज्जा, पुढच्या वेळी माझ्या कपाळाला लावा, गाडीच्या नको." पण आजी नको म्हणाली तर गाडी मामाला परत देणार, हेही म्हणाली.

तुझा गुडघा कसा आहे? म्हशीला वेळेवर पाणी दाखवतेस ना?

तू हो म्हण. आपल्या देव्हाऱ्यातली विभूती पुडीत बांधून उत्तरासोबत लवकर पाठव.

माणिकप्पा