बैलाने तोंड फिरवलं त्या दिवशी

जळगाव,
१२ डिसेंबर १९९३

ती. नाना यांस,

देवचंदचा नमस्कार पोहोचावा. इकडे आम्ही सगळे ठीक. थंडी चांगलीच पडली आहे. कलाने तुमच्यासाठी हरभऱ्याची भाजी वाळवून ठेवली आहे, कोणी येणारं भेटलं की धाडतो. तुमचा गुडघा कसा आहे? तेल चोळता की नुसतं आज-उद्या करता, ते मला माहीत आहे.

तुमचं कार्ड सोमवारी मिळालं. मंजुळाचं शिरपूरचं स्थळ मोडलं, हे वाचून मी कार्ड तसंच खिशात घालून कामावर गेलो. हे तिसरं. "मुलीच्या आईने औषध घेतलं होतं, असं कानावर आलं," एवढंच पाहुणे म्हणाले, असं तुम्ही लिहिलंत. त्यावर लिहायचंच आहे, पण आधी इकडचं थोडं सांगतो.

तुम्ही नेहमी विचारता, तुझे धनसिंगसाहेब त्या पतंगांचं करतात तरी काय. ऐका. बोंडअळीचा नर पतंग मादीला डोळ्यांनी शोधत नाही, वासाने शोधतो. वाऱ्यावर तिचा कणभर वास आला की तो शेतं ओलांडून येतो. त्याचं नाक म्हणजे त्याच्या मिशा. साहेब त्यातली एक मिशी कापून घेतात, दोन बारीक तारांच्या मध्ये ठेवतात, आणि काचेच्या नळीतून तिच्यावर वासाची फुंकर सोडतात. वास लागला की यंत्राची पेन्सिल कागदावर खाली झुकते. कापसात आपण जे कामगंध सापळे लावतो, त्यांतल्या गोळ्या अशाच तपासून येतात. पतंग केव्हाच मेलेला असतो. मिशी मात्र पुढे अर्धा तास वास घेत राहते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला जेवण गेलं नव्हतं. साहेब हसले होते.

गेल्या महिन्यात दुपारी मी एकटाच होतो. मिशी लावली, नळी जोडली, नळीत काही घातलेलंच नव्हतं. नुसती हवा सोडली आणि पेन्सिल झुकली. पुन्हा सोडली, पुन्हा झुकली. साहेब आल्यावर त्यांना कागद दाखवला. ते म्हणाले, "देवचंद, नळी नीट धुतली नाहीस. तुला वाटतं वास गेला, पण तो काचेला धरून राहतो. आपल्या नाकाला कळत नाही, पतंगाच्या मिशीला कळतं." त्यांच्या दृष्टीने विषय संपला. मी बाहेर जाऊन लिंबाखाली बसलो आणि मला रडू आलं. का, ते आता सांगतो.

नाना, मला वास येत नाही. आजचं नाही हे, दहा वर्षं होत आली. चौऱ्याऐंशीच्या चैत्रात मला ताप आला होता, आठवतं? ताप गेला, सर्दी गेली, वास परत आला नाही. साहेबांनी मला ठेवलं होतं ते या नाकासाठी. कुठल्या बाटलीचं बूच सैल आहे, हे मी दारातून सांगायचो. तेव्हा मी रोजंदारीवर होतो. सांगितलं तर घरी बसवतील, ही भीती होती. आणि गावात सांगायची लाज. आपल्या गल्लीत तूप खवट झालं का, बियाण्याला बुरशी लागली का, सगळं माझ्याकडे यायचं. शेजारची भागाबाई तर म्हणायची, "देवचंदना नाकले इचारा." तेवढा एक मान होता मला गावात. तो सोडवला नाही.

त्या साली दिवाळीला मी घरी आलो होतो. वहिनींनी फवारणीच्या औषधाचा पत्र्याचा डबा राखेने आणि चिंचेने घासून उन्हात ठेवला होता. गावात सगळेच ठेवतात, शेतात ताक न्यायला बरा पडतो म्हणून. त्यांनी डबा पाण्याने विसळला आणि ते पाणी आपल्या मोर बैलाच्या घमेल्यात ओतलं. मोराने नाक खाली नेलं, फुरफुरला आणि तोंड फिरवलं. तहानलेला बैल होता तो, गाडीतून नुकता सुटलेला. वहिनी डबा घेऊन माझ्याकडे आल्या.

"भाऊ, बैल पेत नही. तुम्ही जरा वास ली देखा."

मी डबा नाकाशी नेला. डोळे मिटले, जसे नेहमी मिटायचो. सगळं नाटक पूर्ण केलं. म्हणालो, "काही वास नाही वहिनी. वापरा."

"माले त जरासा येस."

"तुमच्या नाकात कापसाची धूळ गेली असेल," म्हणून मी हसलो. त्याही हसल्या. "तुम्ही सांगतस म्हणजे नहीच," असं म्हणाल्या आणि डबा घेऊन गेल्या. नाना, त्यांच्या नाकाला बरोबर कळलं होतं. बैलालाही कळलं होतं. दोघांपेक्षा माझा शब्द मोठा ठरला.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. तुम्ही आणि आई बाजाराला गेला होता, बायाही कापूस वेचायला आल्या नव्हत्या. वहिनी एकट्याच शेतात गेल्या. दुपारी मी गाठोडी आणायला गाडी जुंपून गेलो, तर त्या बांधाजवळ आडव्या. तोंडाला फेस, अंग घामाने भिजलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या. शेजारी डबा, झाकण उघडं. आत घोटभर ताक आणि त्याच्या कडेने तेलकट तवंग. डब्याच्या शिवणीत औषध राहिलं होतं आणि सकाळपासून उन्हात ते ताकात उतरलं होतं.

आता जे लिहितो ते आजवर कलालाही सांगितलं नाही. मी आधी डबा उचलला. धावत जाऊन पलीकडच्या बुजत आलेल्या विहिरीत टाकला. मग परत येऊन वहिनींना उचललं. त्या तेव्हा जिवंत होत्या. डोळे उघडे होते. त्यांनी मला डबा नेताना पाहिलं की नाही, हे मला माहीत नाही. शिरपूरच्या रस्त्याला लागलो आणि वाटेतच त्या गेल्या. तेवढी चार मिनिटं वाचली असती तर काय झालं असतं, याचा हिशोब मी अजून करतो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तोंडाला औषधाचा वास, खोपटात फवारणीची बाटली, आणि आदल्या दिवशी दिवाळीला माहेरी जायच्या गोष्टीवरून तुम्हा दोघांची बोलाचाली झालेली. पंचनाम्यात तसंच लिहिलं गेलं. हिलालने तुमच्या अंगावर धावून जाऊन बहिणीचा जीव घेतला म्हणून शिव्या दिल्या आणि त्या दिवसापासून तुमच्या दाराचं पाणी सोडलं. मी तिथेच उभा होतो. दशव्याला नदीवरून परत येताना तुम्ही माझा हात धरून विचारलंत, "देवचंद, तिनी असं का कयं रे?" मी म्हणालो, कोणाच्या मनातलं कोणाला कळतं. हे वाक्य मी बोललो, नाना, तुमच्या हातात हात ठेवून.

माझं नाक मेलं, असं इथल्या डॉक्टरांनी सांगितलं. पण मला एक वास येतो. जेवायला बसलो की येतो, एस.टी.त येतो, पोरांच्या डोक्यावरून हात फिरवताना येतो. सडक्या लसणासारखा, उग्र, त्या औषधाचा. घरात दुसऱ्या कोणाला येत नाही. कलाने पहिल्यांदा सगळं घर धुऊन काढलं, आता नुसती माझ्याकडे बघते. डॉक्टर म्हणाले, नाकातून काही येत नसलं तरी मेंदू कधी कधी स्वतःच वास काढतो. काढत असेल. मी ताक सोडलं आहे. वहिनी स्वप्नात येतात तेव्हा काही बोलत नाहीत, पदराला हात पुसत उभ्या राहतात. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तुम्ही दुसरं लग्न केलं नाही. मंजुळाच्या वेण्या स्वतः घातल्या. बायकोने आपल्याला कंटाळून जीव दिला, असं मानून तुम्ही जगलात आणि मी दर दिवाळीला येऊन तुमच्या पंगतीला बसलो, करंज्या खाऊन परत आलो. माफ करा, असं लिहिणार नाही. तुम्ही माफी दिलीत तरी मला ती पेलणार नाही.

आता काम सांगतो. हे पत्र आधी मंजुळाला द्या. तिची आई तिला टाकून गेली नाही, हे तिला सगळ्यांच्या आधी कळू द्या. संध्याकाळी ती वेचून घरीच येणार होती. मग हिलालला बोलावून त्याच्यापुढे वाचा. शिरपूरच्या पाहुण्यांना मी स्वतः सांगणार आहे. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने येतो आणि थेट त्यांच्याकडे जातो. आपल्या घरी तुम्ही बोलावल्याशिवाय येणार नाही. सही साक्षीची समजून पूर्ण नावाने करतो आहे. कोणी विचारलं तर हेच नाव सांगा.

कमलवहिनींनी विश्वासाने हातात दिलेला डबा हुंगून "काही वास नाही" म्हणणारा,

देवचंद झिपरू पाटील