पावणेदोन शाकूंची तलवार

तोकामाची,
२० ऑक्टोबर १९८३

चि. सोकिचीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे डोंगरमाथे पांढरे दिसायला लागले. मुळे सोलून दोरीवर वाळत टाकलेत. ओळी तिरक्या गेल्यात तिकडे बघू नकोस, चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक.

आता हसायचं नाही. मला तलवार घ्यायची आहे.

आमच्या गावच्या शाळेच्या व्यायामशाळेत दर गुरुवारी तलवार शिकवतात. म्यानातून काढायची, हवेत चालवायची, परत म्यानात घालायची. समोर कुणी नसतं, त्यामुळे कुणी मरत नाही. मी महिनाभर लाकडी घेऊन जाते आहे. आता सर म्हणतात की स्वतःची घ्या. घ्या म्हणणं सोपं आहे रे. सर म्हणतात नवशिक्याने बोथट, हलक्या धातूचीच घ्यावी. आमच्यातले कुवाबारा न्हावी म्हणतात, ती म्हणजे भातुकली, कशावर आपटली तर तुकडे होतील, घ्यायची तर खरीच. तोफूवाल्याने दोघांचंही ऐकलं नाही आणि पर्यटकांच्या दुकानातून स्वस्तात भिंतीवर टांगायची आणली. दुसऱ्याच गुरुवारी तिचं पातं मुठीत लटपटायला लागलं आणि आम्ही सगळे भिंतीला चिकटून उभे राहिलो. माझं डोकं पार फिरून गेलंय. तू जन्मभर तलवारींच्या मुठी बांधतो आहेस, तूच सांग. दोन किमोनोंच्या शिलाईचे पैसे बाजूला ठेवलेत, त्यात बसायला हवी.

आमच्या भावजयीला, तामायोला, माझी आठवण सांग. पत्र लगेच टाक, तुझ्या नेहमीच्या सवयीने नववर्षाची वाट बघू नकोस.

तुझी ताई,
किनुए

*

सेकी,
२७ ऑक्टोबर

ती. किनुएताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं, मग तामायोकडून वाचून घेतलं, की मीच काही चुकीचं वाचतोय का. तू? तलवार? मी लहानपणी बांबूची काठी फिरवली तर कान पिळणारी तूच ना? आणि चौसष्टाव्या वर्षी हे कुठून सुचलं? असो. विचारलं आहेस तर सांगतो.

तोफूवाल्याची गोष्ट ऐकून अंगावर काटा आला. भिंतीवरच्या तलवारीचं पातं मुठीत जेमतेम बोटभर गेलेलं असतं, जोरात फिरवली की सुटून जातं. त्याला सांग, ती भिंतीवरच शोभते. कामाच्या तलवारीचं पातं मुठीत खोलवर जातं, आणि आरपार एक बांबूची खुंटी असते. सगळा जीव त्या खुंटीत. घेताना पहिल्यांदा ती बघायची, चकचकाट नंतर. तुझे सर बरोबर आहेत, बोथट घे. न्हावीही अगदीच चूक नाही. कुणा कारागिराचं नाव नसलेली जुनी खरी तलवार कधीकधी तुझ्या पैशांत मिळून जाते, फक्त तिच्याबरोबर सरकारी नोंदणीचा कागद हवा. पण धार बघून मन घाबरतं माझं. आम्ही चांगले चांगले सराईत तलवार म्यानात घालताना स्वतःचा डावा अंगठा कापून घेताना पाहिलेत.

मुख्य गोष्ट लांबी. सरळ उभी राहा, हात खाली सोड, मुठीत मोजपट्टी धर. तिचं टोक जमिनीला टेकता टेकता राहील तेवढं पातं तुझं. पट्ट्यांचा तुझ्या घरी काही तोटा नाही. मोजून कळव, मी शोधायला लागतो.

रागावू नकोस, पण अजून मला नीटसं उमगलेलं नाही. माया असू दे.

तुझा धाकटा,
सोकिची

*

तोकामाची,
३ नोव्हेंबर

चि. सोकिचीस,
आशीर्वाद.

मोजलं. पावणेदोन शाकू. दोनदा मोजलं, दोन्ही वेळा तेवढंच.

बोथट-धारदार यावर मी खूप विचार केला आणि जास्तच गोंधळले. सरांनी परवा त्यांची बोथट माझ्या हातात दिली. ती बरी वाटली, पण मन लागेना. मग न्हाव्याची खरी धरली, तर मनगट भरून आलं. जड ती खरी वाटते आणि हलकी ती पेलते, मग मी करू काय? माझं म्हणशील तर खरी असावी, हलकी असावी, दिसायला कशीही चालेल. आता या वयात मला ती कुणाला दाखवायची आहे?

बर्फ पडायच्या आत तेवढी पाठव. एकदा रस्ते बंद झाले की काही खरं नाही, आणि मला उशीर चालणार नाही. ओताकेंच्या मुलीच्या लग्नाच्या किमोनोचं कापड मी परत करून टाकलं. शिवणाचं काम आता कुणाकडून घेत नाही. घर आवरायला काढलंय, तुझ्या लहानपणीचा एक कोट सापडला, हवा असेल तर सांग.

तुझा जीव माझ्यात आहे हे मला ठाऊक आहे, तो तलवारीतही थोडा घाल.

ताई

*

सेकी,
८ नोव्हेंबर

ती. ताईस,
नमस्कार.

मी तलवार पाठवणार नाही.

पावणेदोन शाकू वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. दोन शाकूंच्या, म्हणजे दोनेक फुटांच्या, आतलं पातं म्हणजे आखूड तलवार. ती हातात घेऊन कुणी व्यायामशाळेत शिकायला जात नाही. आपल्या घरात आखूड पातं एकदाच पेटीतून बाहेर निघालं. आई गेली तेव्हा. वाटेत तिला काही आडवं येऊ नये म्हणून छातीवर ठेवलं होतं, टोक पायांकडे करून. ते तुझ्याच हातांनी ठेवलं होतंस.

मी वेडा नाही, ताई. तुझ्या पत्रातल्या ओळी उतारावरून घसरल्यासारख्या चालल्यात. तू चाळीस वर्षांत कुणाचं कापड परत केलं नाहीस. घर आवरते आहेस, माझा कोट परत देते आहेस, आणि तुला उशीर चालणार नाही. खरी हवी, हलकी हवी, कुणाला दाखवायची नाही. तोफूवाला आणि न्हावी तू माझ्यासाठी रचलेस, हो ना? मला सरळ सांगायचा धीर झाला नाही म्हणून?

डॉक्टर काय म्हणाले ते सांग. काय असेल ते आपण बघू. पण ते पातं तू माझ्याकडे मागू नकोस. मी पाठवलं तर तुला जा म्हटल्यासारखं होईल, आणि ते माझ्याच्याने व्हायचं नाही. तामायो म्हणते रात्रीच निघा. मी म्हटलं, आधी तिचं उत्तर येऊ दे. जेवण जात नाहीये.

सोकिची

*

तोकामाची,
११ नोव्हेंबर

चि. सोकिचीस,

मी मरत नाहीये, मेल्या. आधी जेव.

तुझं पत्र वाचून मला काही कळेचना. मी तलवार मागितली आणि तू माझा अंत्यविधी मांडलास! तोफूवाला खरा आहे. न्हावीही खरा आहे, काल माझेच केस कापले त्याने.

पण एक लपवलं, ते आता सांगते. ऑगस्टात मी अंगणात पडले. डोक्यात रक्ताची छोटीशी गाठ झाली होती. वाचले, बोलते, चालते, पण डावा हात ऐकत नाही. तुला कळवलं नाही, कारण तू असाच धावत आला असतास. सुई उजव्या हातात असते, पण कापड डावाच धरतो. ओताकेंच्या पोरीच्या किमोनोची बाही मी तीनदा उसवली, तरी वाकडीच. लग्नाचा किमोनो वाकडा देऊ कसा? दिला परत. त्या दिवशी खूप रडले, सोकिची. शिवण सुटली तर मी कोण आहे रे?

दवाखान्यात डाव्या हाताला रबरी चेंडू दाबायला देतात. कंटाळा येतो. खिडकीतून समोर ती व्यायामशाळा दिसते. मी बघत बसायचे. तलवार काढते उजवा हात, पण म्यान मागे खेचतो तो डावा, वार करतानाही जोर डाव्याचाच. म्हटलं, हेच तर मला हवंय. बर्फ पडला की दवाखान्याची बस बंद, मग घरीच सराव करायचा, म्हणून घाई. ओळींचं म्हणशील तर डाव्या हाताने कागद धरता येत नाही. वर दौत ठेवते, तरी सरकतो.

आणि पावणेदोनमध्ये तुला एवढं काय अभद्र दिसलं? अगदी नीट मोजलंय, आईच्याच पट्टीने.

ताई

*

सेकी,
१५ नोव्हेंबर

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

ऑगस्टात पडलीस आणि नोव्हेंबरात सांगतेस. याचं भांडण मी समोरासमोर करणार आहे, पत्रात नाही.

तुझं पत्र मी तामायोला मोठ्याने वाचून दाखवत होतो. आईच्या पट्टीवर आलो तशी ती थांब म्हणाली आणि आतून तिची शिवणाची पट्टी घेऊन आली. माझी लोखंडी पट्टी शेजारी ठेवली. ताई, कापडाचा शाकू लोखंडीपेक्षा चांगला पावपट मोठा असतो! जन्मभर किमोनो शिवणारी बाई दुसऱ्या कुठल्या पट्टीने मोजणार, आणि जन्मभर तलवारीत बसलेला माणूस दुसरी कुठली पट्टी धरणार? कापडाचे पावणेदोन म्हणजे तलवारीचे दोन शाकू आणि वर दोन सुन, म्हणजे शाकूचा पाचवा हिस्सा. तुझ्या उंचीला अगदी बरोबर. तामायो हसली, मी मात्र दुकानात जाऊन डोळे पुसले. मग दोन वाट्या भात खाल्ला.

आता तलवार. जुनी, खरी, नाव नसलेली. इतक्या पिढ्यांनी घासून घासून तिला पॉलिश केलंय की पातं झिजून पातळ झालंय. संग्रह करणारे अशा पात्याला थकलेलं म्हणतात आणि हात लावत नाहीत, म्हणून स्वस्त. पण झिजलंय म्हणूनच हलकं. वाकलेलं नाही, तडा नाही. तुझा अंगठा सांभाळायला धार मात्र मी घासून बोथट करून घेतली आहे, त्यावर वाद घालायचा नाही. खुंटी नवी बसवली. मूठ तुझ्या हातासाठी बारीक बांधली, आणि डावी पकड येते तिथे दोरीचे वेढे जरा उठावदार ठेवलेत, म्हणजे हात निसटणार नाही. नोंदणीचा कागद बरोबर आणतो.

होय, आणतो. पार्सल करणार नाही. रविवारी येतोय. कोटही घेऊन जाईन. कान पिळायला तयार राहा, डाव्या हाताने.

सोकिची

*

तोकामाची,
२६ फेब्रुवारी १९८४

चि. सोकिचीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बर्फ खिडकीच्या वरपर्यंत आलाय, दिवसाही दिवा लागतो. नववर्षाला येऊन तू छपरावरचा बर्फ उपसून गेलास त्यावर आता त्याच्या दुप्पट चढलाय, तेव्हा फुशारकी मारू नकोस.

मी रोज सकाळी बैठकीच्या खोलीत सराव करते. पहिला महिनाभर म्यान हातातून सुटायचं आणि मी तलवारीलाच शिव्या द्यायचे. कुवाबारा न्हाव्याने ती बघितली आणि म्हणाला, बाई, ही थकलेली आहे. मी म्हटलं, मग आम्ही दोघी एका वयाच्या. रस्ता उघडला त्या गुरुवारी सर माझ्यामागे बराच वेळ उभे राहिले आणि एकही चूक न काढता पुढे गेले. त्यांचा स्वभाव बघता हे कौतुकच समजायचं. तोफूवाला आता बोथट विकत घेतोय, लांबी मी मोजून दिली. लोखंडी पट्टीने.

ओताकेंची मुलगी काल येऊन बसली. लग्न एप्रिलवर ढकललंय. ते कापड तिने दुसऱ्या कुणाकडे दिलंच नव्हतं, म्हणाली, मावशी, मी थांबते. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ती गेल्यावर एक बाही टाचून बघितली. आज सकाळी उसवायला घेतली आणि उसवली नाही.

तामायोला माझे आशीर्वाद. तुमची माया आहे तशीच राहू दे, फक्त काळजी थोडी कमी करा.

तुझी ताई,
किनुए

ता. क. हे पत्र लिहिताना कागदावर दौत ठेवलेली नाही. ओळी पट्टी लावून बघ. तुझी चालेल, आईचीही चालेल.