पहिल्या अध्यक्षांच्या घरातली नवी टूर

३ मार्च, सोमवार
क्युरेटर मॅडमनी माझी आयडिया पास केली! देशाच्या पहिल्या अध्यक्षांचं घर, म्हणजे आमचं संग्रहालय, लोकांना दाखवताना आता नुसते गोडवे गायचे नाहीत. माणूस दाखवायचा. ते घोरायचे, भडकायचे, बागेतल्या माळ्यावर ओरडायचे. देश उभा करणारा माणूस बायकोचा वाढदिवस विसरायचा, हे वाचून तर गहिवरून आलं. मीही विसरतो.
दादाचा फोन. गुरुवारी हर्नियाचं ऑपरेशन. वहिनीला सुई पाहूनच चक्कर येते, तेव्हा तू ये, म्हणाला. येतोच, म्हटलं. सख्खा भाऊ आहे.

५ मार्च
अभ्यास जोरात. अध्यक्ष सकाळी लवकर उठत नसत. मी उद्या उठणार. गजर लावला.

६ मार्च, दुपारी
गजर वाजला. ऐकला. पण टूरचं स्क्रिप्ट अर्धवट आहे. शिवाय हॉस्पिटलच्या वासाने मला गरगरतं. मीच आडवा झालो असतो तर दादाला उठून मला सांभाळावं लागलं असतं. त्याच्याच भल्याचा विचार केला.
बायकोने डबा आदळला.
ऑपरेशन नीट झालं म्हणे. आता उद्या निवांत जाता येईल.

८ मार्च
उद्या म्हणजे काल. राहून गेलं.
पण केवढा शोध लागला! पहिले अर्थमंत्री म्हणजे अध्यक्षांचे तुरुंगातले सोबती. ते शेवटच्या आजारपणात होते, हॉस्पिटल दोन गल्ल्या पलीकडे, आणि अध्यक्ष भेटायला गेलेच नाहीत! सगळे म्हणतात, भांडण होतं. मला वाटतं, वास सहन होत नसावा. एकदम हलकं वाटलं. एवढी मोठी माणसंसुद्धा जात नाहीत.
तरी जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

११ मार्च
दादा हॉस्पिटलमधून त्याच्या घरी आला. फोन करणारच आहे, आधी वाक्यं जुळवतोय. बायको म्हणाली, भावाशी बोलायला स्क्रिप्ट लागतं का? तिला तयारी ही गोष्टच ठाऊक नाही.
त्याचा आवाज ऐकला की रडू येईल, हे तिला सांगितलं नाही. मला लाज वाटते, हेही नाही.

१५ मार्च, शनिवार, संध्याकाळी
पहिली टूर. गर्दी चांगली. अध्यक्षांच्या खुर्चीपाशी उभा राहून हॉस्पिटलचा किस्सा रंगात आणला, आणि मागे लक्ष गेलं. दादा! वहिनीचा हात धरून, पोटावर तळहात ठेवून. माझी नवी टूर म्हणून मुद्दाम आला होता. तोंड थांबेना, किस्सा पुरा झाला.
एक निवृत्त मास्तरीणबाई कडाडल्या, की लाज कशी वाटली नाही या माणसाला? सगळे रागाने खुर्चीकडे बघायला लागले. मीपण खुर्चीकडेच बघत होतो.
मागून दादा म्हणाला, असं एकदम नावं ठेवू नका हो. कामात असतील. मनातून जायचं असेलच त्यांना.
माझ्याकडे बघून हसलासुद्धा. तोंडावर थुंकला असता तर बरं झालं असतं.
मग भिंतीला टेकत त्याने हळूच विचारलं, जरा टेकायला मिळेल का? खोलीत खुर्ची एकच. अध्यक्षांची. समोर दोरी.
मी म्हटलं, त्यावर बसायला परवानगी नाही.
तो बरं बरं म्हणाला, आणि टूर संपेपर्यंत उभा राहिला.